प्रुइटच्या विश्वासातला माणूस

खलिफा सिटी, अबू धाबी
१७ जानेवारी २००९

ताई,

नमस्कार केला असं समज. वाकून करायचा होता, पण सध्या वाकलो की परत उभं राहायला हेमाला हाक मारावी लागते.

फोनवर मी "सगळं मजेत" एवढंच म्हणतो, अशी तुझी तक्रार. इथे खोलीत हेमा आणि अस्मी असतात, तिकडे भावोजी स्पीकर चालू करतात. म्हणून पत्र.

तर, मजेत नाही. आमची निम्मी कामं दुबईत, आणि दुबईतले टॉवर जिथल्या तिथे थांबलेत. आम्ही इमारतींना काचा बसवणारे. मजलाच चढला नाही तर काच बसवायची कुठे? मुसफ्फाच्या कारखान्यात कापलेल्या काचा भिंतीला टेकून उभ्या आहेत, आणि मी प्लॅनिंग मॅनेजर, म्हणून रोज सकाळी न होणाऱ्या मजल्यांचं वेळापत्रक तयार करतो. वेळापत्रक चुकत नाही. गेल्या दहा वर्षांत इतकं अचूक काम माझ्या हातून झालं नव्हतं.

ऑक्टोबरात आमच्यावर नवा जनरल मॅनेजर आला. वेंडेल प्रुइट, अमेरिकन, नेब्रास्काचा. कॉलेजात असताना अमेरिकन फुटबॉलच्या टीमचा क्वार्टरबॅक होता. हा फुटबॉल पायाने खेळत नाहीत. चेंडू सोललेल्या नारळासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. क्वार्टरबॅक म्हणजे मागे उभा राहून तो लांब फेकणारा मुख्य माणूस, आणि पुढे पळत जाऊन झेलणारे ते रिसीव्हर. इथल्या कंपन्यांच्या टीम शुक्रवारी एकमेकींशी खेळतात. अंगावर पडायला बंदी आहे. कमरेला पट्टी लावतात, ती प्रतिस्पर्ध्याने ओढली की डाव तिथे थांबतो.

प्रुइटचे दोन ठरलेले रिसीव्हर होते, दोघेही ब्रिटिश प्रोजेक्ट मॅनेजर. डिसेंबरात एक जण सुट्टीवर गेला तो आलाच नाही. दुसऱ्याची गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये सापडली, किल्ली आतच. त्यामुळे क्वार्टरबॅककडे चेंडू आहे आणि फेकायला माणूस नाही.

सोमवारी एचआरची मेल आली: "शुक्रवारी सकाळी नवीन रिसीव्हरची निवड. सहभाग ऐच्छिक आहे. हजेरी घेतली जाईल."

यातून जो तो समजायचं ते समजला. प्रुइट मीटिंगमध्ये म्हणाला होता, "मोजकीच माणसं ठेवणार आहे, आणि ज्याच्यावर माझा विश्वास बसेल तोच राहील." काल मैदानावर अख्खं ऑफिस हजर होतं. पर्चेसचे पिल्ले पोटाला ऑपरेशनचा पट्टा लावून आले होते. तुझा निनादही होता. तो तरी पंचवीस वर्षांचा आहे. मी सत्तेचाळीस.

मला एकही झेलता आला नाही. एक चष्म्यावर बसला.

पुण्याहून कुणी येणार असेल तर गुडघ्याचे दोन पट्टे पाठव.

सतीश


पुणे
२६ जानेवारी २००९

सतीश,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण ते चष्म्याला लागू पडत नाहीत. जपून.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. रिसीव्हर म्हटल्यावर हे म्हणाले, "टेलिफोन खात्याची टीम आहे का?" मी सगळं पुन्हा समजावलं. आता सोसायटीत सांगत सुटलेत, निनाद दुबईला रग्बी खेळतो म्हणून. तो अबू धाबीला असतो आणि ते रग्बी नाही, हे दोन्ही सांगायचं मी सोडून दिलंय.

लहानपणी तू समोरून आलेली पोळी झेलू शकत नव्हतास. पण मी शाळेच्या टीममधून खो-खो खेळले आहे, तेवढ्यावरून एक सांगते. पाठीत खो बसला की कोणी दिला ते वळून बघायचं नसतं, उठून पळायचं. बघत बसलेला बाद होतो. तुझ्या साहेबाला तेच हवं असेल.

माझा जीव निनादमध्ये अडकलाय. लग्नाची २४ मे ही तारीख धरली आहे. मुग्धाच्या घरचे चांगले आहेत, पण तिचे वडील रोज पेपरात दुबईची बातमी वाचतात आणि संध्याकाळी फोन करतात. "जॉब पर्मनंट आहे ना?" मी म्हणते, मामा तिथेच आहे. त्या पोराला नोकरी तूच लावलीस, आता तूच बघ.

पट्टे साने वहिनींच्या मुलाबरोबर पाठवतेय. धुऊन वापर.

ताई


खलिफा सिटी
१४ फेब्रुवारी २००९

ताई,

पट्टे पोचले. दोन्ही डाव्या पायाचे आहेत. तरी वापरतोय.

ऑफिसचं काय सांगू. फाइल हातात देणं बंद झालंय, फेकतात. अकाउंट्समध्ये लंचनंतर लोक संत्री झेलतात. प्रुइटला आता सगळे क्यूबी म्हणतात, क्वार्टरबॅकचं क्यूबी, त्याच्या तोंडावरही, आणि त्याला ते आवडतं. आमचे पीआरओ अजीजभाई, व्हिसाची कामं बघणारे, पहिल्याच दिवशी बाद झाले. प्रुइटने विचारलं, "मी चेंडू टाकीन तेव्हा तू तुझ्या रूटने त्या कोपऱ्यात पोचला असशील का?" अजीजभाई मनापासून म्हणाले, "इन्शाल्ला." प्रुइट म्हणाला, "हा रूट नाही." अजीजभाईंना काही वाटलं नाही. मला म्हणाले, "सतीशभाई, इस उमर में कौन भागेगा? खलास."

मी मात्र भागतोय. अस्मी मला शिकवते. दहावीची परीक्षा तोंडावर आहे, तरी संध्याकाळी व्हिलांच्या मागच्या मोकळ्या रेतीत ती चेंडू फेकते आणि मी धावतो. इंटरनेटवर बघून बघून तिला बरंच कळायला लागलंय. "बाबा, डोन्ट लुक ॲट मी, जस्ट रन." मी म्हणतो, अगं न बघता कसं कळणार? "बाबा, दॅट्स द होल पॉइंट!"

आणि खरंच तोच पॉइंट आहे, ताई. प्रत्येक रिसीव्हरला वाट ठरवून दिलेली असते, तिला रूट म्हणतात. इतकी पावलं सरळ, मग डावीकडे वळ. क्वार्टरबॅक तू वळण्याची वाट बघत नाही. तू पाठमोरा असतानाच चेंडू सोडतो, तू जिथे पोचणार त्या रिकाम्या जागेवर. तू वळतोस तेव्हा चेंडू हवेत असतो. तू तिथे असलास तर झेल. नसलास तर चेंडू दुसऱ्याच्या हातात, आणि सगळ्यांसमोर मूर्ख ठरतो तो फेकणारा. म्हणून नव्या माणसाकडे तो चेंडू टाकतच नाही. महिनाभर मी नुसता धावलो. रूट पुरा करायचा, वळायचं, हात पुढे करायचे, रिकाम्या हातांनी परत यायचं. एकदा तर त्याने माझ्या अंगावरून पलीकडच्या पाण्याच्या पिंपाला मारला, पण मला दिला नाही.

निनाद झेलतो झकास. हरणासारखा पळतो. पण त्याला रूट पाळायचा कंटाळा. मधेच मोकळी जागा दिसली की तिकडे वळतो. झेल घेऊन हसत येतो आणि प्रुइट त्याच्यावर ओरडतो, "तू तिथे काय करत होतास?" निनाद म्हणतो, "पण मी पकडला ना!" प्रुइट म्हणतो, "मी तिथे फेकला नव्हता."

माझं उलट आहे. वेग नाही, हात नाहीत, पण सांगितलेल्या ठिकाणी सांगितलेल्या वेळी मी असतोच. दुसरं मला काही येत नाही. काल प्रुइटने पहिल्यांदा माझ्याकडे टाकला. वळलो तर छातीवर. कसा कोण जाणे, धरला. प्रुइट चालत आला आणि म्हणाला, "यू वेअर देअर."

हेमाला सांगितलं तर म्हणाली, "लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मीही हेच म्हणतेय. नेहमी तिथेच असता."

सतीश


पुणे
२४ फेब्रुवारी २००९

सतीश,

पत्र वाचून बरं वाटलं, आणि मग काळजी वाटली. निनाद परवा फोनवर म्हणाला, मामा आता क्यूबीच्या गाडीतून येतो, त्याच्याबरोबर जेवतो. थट्टेत म्हणाला, पण थट्टा करताना त्याचा आवाज बारीक होतो, ते मला ठाऊक आहे.

साहेबाच्या कानाशी लागलाच आहेस तर पोराबद्दल दोन शब्द टाक. वशिला नको म्हणणारी मी होते, पण ते मुलगी बघायच्या आधी. पत्रिका छापायला दिल्या आहेत. आणि त्याला सांग, ठरल्या वाटेने पळ म्हणावं. झेल काय, कुणीही घेतं.

दोन्ही पट्टे डाव्या पायाचे कसे? दुकानदाराला विचारलं. तो म्हणतो, त्याला डावा-उजवा नसतो. उलटा घालतोयस का बघ.

ताई


खलिफा सिटी
१४ मार्च २००९

ताई,

घाईत लिहितोय.

मागच्या आठवड्यात शुक्रवारी बँकवाल्यांशी मॅच झाली, आम्ही जिंकलो. दोन झेल माझे. शेवटच्या डावात समोर बँकेचा एक दांडगा लेबनीज उभा होता. प्रुइटने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, चेंडू सोडला, मी वळलो आणि तो हातात होता. सगळ्यांनी मला उचललं. उचलताना कंबर भरली, पण खाली ठेवा म्हणवेना.

नंतर प्रुइटने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "सतीश, या कंपनीत डोळे मिटून विश्वास ठेवावा असा एकच माणूस आहे. रविवारी केबिनमध्ये ये."

खरं सांगतो, ताई, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. बावीस वर्षं नोकरी करतोय, असं कुणी म्हटलं नव्हतं. गाडीत बसून मी अस्मीला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आय हर्ड यू द फर्स्ट टाइम." पण हसत होती.

केबिनमधलं काम थोडं वाढलंय. वेळापत्रकं सध्या दुसरं कुणी करत नाही, म्हणजे कुणीच करत नाही. मी प्रुइटसाठी वेगळं काही बघतो. स्टाफचं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

निनादबद्दल बोललो. प्रुइट म्हणाला, "गुड हँड्स," आणि फोन उचलला.

लग्न साधंच करणार ना? विचारतोय आपलं.

सतीश


पुणे
२४ मार्च २००९

सतीश,

"स्टाफचं" म्हणजे काय?

निनाद सांगतो की तू लोकांना मीटिंग रूममध्ये बोलावतोस, आणि आत गेलेला माणूस परत जागेवर बसत नाही. कॉरिडॉरमध्ये तू दिसलास की लोक वॉशरूममध्ये शिरतात म्हणे. साधनाला काढलं. ती अकाउंट्समधली, दिवाळीला तुमच्याकडे चकल्या करायला यायची ती. तिला तू सांगितलंस.

हे खरं आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही. लग्न साधं करायचं का म्हणून कुणी सहज विचारत नाही, हे मला न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही.

ताई


खलिफा सिटी
३१ मार्च २००९

ताई,

हो.

त्या रविवारी प्रुइटने दार लावलं आणि म्हणाला, "कुणाला काढायचं ते मी ठरवीन. पण मी तोंडाने सांगितलं तर लोक वकिलाकडे जातील, एचआरने सांगितलं तर रडतील. तू सांगितलंस तर ऐकून घेतील. तू विश्वासातला माणूस आहेस." मी म्हटलं, सर, मी प्लॅनिंगचा आहे. तो म्हणाला, "हेही वेळेवर पोचण्याचंच काम आहे." आणि हसला. मीही हसलो. ताई, ते हसणं मला अजून आठवतं.

त्याने निरोपाची पद्धतही ठरवली आहे. काढलेल्या माणसाला टीमचा टी-शर्ट द्यायचा. पाठीवर लिहिलंय, "वी ट्रस्ट ईच अदर." सगळे एक्सएल आहेत. पिल्लेंनी विचारलं, "यातला लार्ज मिळेल का?" नोकरी का गेली ते त्यांनी विचारलं नाही.

साधना पाचवी. पहिल्या चौघांशी मी खूप बोललो. मंदी, बाजार, अमेरिकेतल्या बँका, तुमचं काम किती चांगलं होतं. बोलत बोलत त्यांना वेड लागायची वेळ आली, कारण माणसाचं बोलणं संपेपर्यंत ऐकणाऱ्याला आशा असते. साधनाने मला मधेच थांबवलं. म्हणाली, "सतीशसर, एका वाक्यात सांगा. मला शाळेतून मुलीला आणायचंय." मी सांगितलं. ती उठली, टी-शर्ट टेबलावर ठेवला, आणि म्हणाली, "तुम्ही तरी नव्हतं करायचं हे." व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा. ती गेलीसुद्धा.

तेव्हापासून मी एका वाक्यात सांगतो.

हेमाला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, मला बढती मिळाली आहे. तिने शेजारच्या शहरबानूंना शिरखुर्म्याच्या बदल्यात पेढे पाठवले.

निनादचं नाव माझ्यापर्यंत आलेलं नाही. हे खरं लिहितोय.

सतीश


पुणे
९ एप्रिल २००९

सतीश,

तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं. दोन कागद फाडले. मग मनात आलं, तू नाही म्हणाला असतास तर आज तू, हेमा आणि अस्मी पुण्याला आमच्या पुढच्या खोलीत असतात, आणि साधनाला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं. मी जिंकलेल्या बाजूला आहे, म्हणून मला रागवायला सोपं.

एकच मागते. निनादला काढायचं असेल तर काढू देत. लग्न पुढे जाईल, मुग्धाचे वडील चार गोष्टी बोलतील, ऐकून घेऊ. पण ते त्याला तुझ्या तोंडून कळू नये. तूच त्याला तिथे नेलंस, विमानतळावर त्याची बॅग तूच उचललीस. दुसरा कुणीही सांगू दे, तो प्रुइट सांगू दे. तू नाही. नाहीतर पुढच्या प्रत्येक कार्यात तो एका कोपऱ्यात बसेल आणि तू दुसऱ्या. मग मी कुणाच्या शेजारी बसू?

ताई


खलिफा सिटी
२ मे २००९

ताई,

आधी निकाल सांगतो, म्हणजे चहा गार होणार नाही. निनादची नोकरी शाबूत आहे, माझी गेली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये दरवाजे बनवणाऱ्या एका छोट्या फॅक्टरीने मला घेतलंय. हुद्दा लहान, प्रवास लांब, पण अस्मीची अकरावी इथेच होईल. प्रुइटही गेला. बुधवारी त्याला नेब्रास्काहून परत बोलावणारी मेल आली आणि गुरुवारी त्याची खुर्ची रिकामी होती. नवा साहेब स्कॉटलंडचा येतोय म्हणे. अकाउंट्समधले उरलेले लोक गोल्फची चौकशी करू लागलेत.

आता काय झालं ते. हे तुझ्यापाशीच राहू दे, निनादला कधी कळता कामा नये.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात, गुरुवारी, प्रुइटने मला बोलावलं. म्हणाला, "रविवारी निनाद." मी म्हटलं, तो माझा भाचा आहे. "माहीत आहे. म्हणूनच तू." मी म्हटलं, त्याला ठेवा, किंवा निदान दुसऱ्या कुणाला सांगू द्या. तो अगदी शांतपणे म्हणाला, "सतीश, रिसीव्हर स्वतःचा रूट ठरवायला लागला की तो खेळ राहत नाही."

दुसऱ्या दिवशी पाइपवाल्यांशी शेवटची मॅच. कंपनीचे मालक, अरबाब, पहिल्यांदाच बघायला आले होते. रात्रभर विचार करून मी एक युक्ती काढली होती. प्लॅनिंगमधल्या माणसाची युक्ती, कागदावर निर्दोष. प्रुइटचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून तो हे काम मला देतो. विश्वास उडाला तर देणार नाही. तुझी मागणी पुरी होईल. निनादला वाचवायचा माझा विचार होता, असं समजू नकोस. तो जाणारच होता. मला फक्त सांगणारा व्हायचं नव्हतं.

शेवटचा डाव, एका झेलावर सगळं. प्रुइटने माझं नाव घेतलं. सरळ धाव, कोपऱ्यात वळ. मी निघालो आणि अर्ध्यावर थांबलो. उभाच राहिलो. समोरचा पाइपवाला माझ्याकडे काळजीने बघायला लागला, त्याला वाटलं मला छातीत दुखतंय. मागे वळून पाहिलं तर प्रुइटने चेंडू केव्हाच सोडला होता. न बघता, त्या कोपऱ्यात, जिथे मी असायला हवा होतो. इतका सुंदर फेकलेला चेंडू मी पाहिला नाही. आणि कोपरा रिकामा. ताई, मला त्या माणसाची कीव आली. इतका विश्वास माझ्यावर आणखी कुणी टाकेल असं वाटत नाही.

तेवढ्यात निनाद दिसला. त्याचा रूट मैदानाच्या दुसऱ्या बाजूला होता, पण त्याला मोकळी जागा दिसली. आडवा धावत, मधल्या माणसाच्या हाताखालून निसटून, त्याने अंग टाकलं आणि चेंडू जमिनीपासून वीतभर वर धरला. जिंकलो. अरबाब उभे राहून टाळ्या वाजवत होते. प्रुइट धावत गेला तो निनादकडे, त्याला मिठी मारून ओरडत होता, "दॅट्स माय गाय!" माझ्या शेजारून जाताना त्याने मान वळवली नाही.

घरी येऊन हेमाला मी जिंकल्याचं सांगितलं. बाकी सांगणार होतो, पण ती फोनवर मुग्धाच्या आईशी साड्यांचं बोलत होती.

शनिवारी संध्याकाळी निनाद घरी आला. अस्मी क्लासला, हेमा स्वयंपाकघरात. पोरगा सोफ्याच्या टोकावर बसला, पाणी प्यायला, टीव्हीकडे बघत राहिला. टीव्ही बंद होता. शेवटी म्हणाला, "मामा, क्यूबीने सकाळी फोन केला होता. म्हणाला, आता विश्वासातला माणूस तू. उद्यापासून तुझ्यावर एक काम."

"कुणापासून सुरुवात?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. म्हणाला, "मी राजीनामा देतो. मला नाही जमणार. तुम्हाला कसं जमलं हो?"

मी त्याला खुर्ची ओढायला लावली. माझ्यासमोर. म्हटलं, "राजीनामा द्यायचा नाही. पत्रिका वाटल्या आहेत. आता नीट ऐक. माणसाला दाराजवळच्या खुर्चीत बसव, म्हणजे उठून जाता येतं. आधी चहा विचारू नकोस. अमेरिकेतल्या बँका सांगू नकोस. एक वाक्य, आणि बोलताना त्याच्या डोळ्यांत बघ. चल, म्हण."

"मामा, कंपनीने असा विचार केला आहे की सध्याच्या परिस्थितीत..."

"लांबलं. आणि मामा नाही. मिस्टर सतीश."

"मिस्टर सतीश, मला सांगताना वाईट वाटतंय..."

"तुझं वाईट वाटणं त्याच्या काय उपयोगाचं? पुन्हा."

तिसऱ्या वेळी त्याने डोळे पुसले, पाठ सरळ केली, माझ्याकडे पाहिलं. "मिस्टर सतीश, तुमची नोकरी आजपासून संपली आहे. तुमच्या कामात काही कमी नव्हतं, कंपनीकडे काम उरलेलं नाही." आवाज कापला नाही. पोराने चांगलं म्हटलं, ताई. माझ्यापेक्षा चांगलं.

"हेच," मी म्हटलं. "उद्या नऊ वाजता असंच म्हणायचं."

तेव्हा माझं लक्ष गेलं, स्वयंपाकघराच्या दारात हेमा उभी होती, हातात उलथणं. कधीपासून, माहीत नाही. तिला हे सगळं त्या क्षणी पहिल्यांदाच कळत होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग निनादकडे बघितलं. आत जाऊन गॅस बंद केला, परत बाहेर आली, आणि त्याला म्हणाली,

"जेवल्याशिवाय जायचं नाही."

सतीश